दहा कोटी एक

पत्नी गेल्यावर आमच्या शाळेतल्या थोरल्या गणितशिक्षकांच्या उंबऱ्यापुढची कोलम बंद झाली. कोलम म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी. तंजावूरमध्ये ती घरातली बाई रोज सकाळी घालते, आणि ज्या दारापुढे ती नाही त्या घरात काहीतरी अशुभ घडले आहे असे समजले जाते. राजवाड्याजवळच्या त्या गल्लीतील बायकांनी काही दिवस वाट पाहिली, मग एकीने सुचवले की मी घालून देत जाईन. त्यांनी नम्रपणे नकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः सडा घालून, पिठाची वाटी घेऊन उंबऱ्यापुढे उकिडवे बसले आणि जमिनीवर एक लांबलचक भागाकार मांडला. भाजक, भाज्य, भागाकार, प्रत्येक पायरीची वजाबाकी आणि खाली बाकी. सर्व काही चिमटीने सोडलेल्या सुबक पांढऱ्या रेषांत.

"अण्णा, हें काय घातलेंत?" समोरच्या बाईंनी विचारले.

"कोलमच आहे. ठिपके नाहींत इतकेंच."

दुपारपर्यंत मुंग्या येत आणि पीठ नेत. मुंग्यांची सुरुवात नेहमी वरून, भागाकाराकडून होते आणि बाकी शेवटी राहते, असे ते मला पुढे गंभीरपणे सांगत. मी विचारले, हे नेहमीच घडते की तसे वाटते? त्यावर ते प्रथमच माझ्याकडे नीट पाहून हसले. म्हणाले, "बरोबर विचारलेंस, तंबी. पाहूं." आणि त्यांनी ते खरोखर पाहिले. नेहमी तसे घडत नव्हते. तेव्हापासून त्यांनी ते वाक्य उच्चारले नाही.

तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. आम्ही दोघेही मराठी घरांतले, आणि तरी एकमेकांना हाक मारायला आमच्याजवळ तमिळ शब्दच होते. ते दहावीला गणित शिकवीत; मुले त्यांना सार, म्हणजे सर, म्हणत. मी पापनाशमहून रोज सकाळच्या गाडीने येऊन सहावी ते आठवीला तेच शिकवीत असे. देवनागरी मी हिंदीच्या परीक्षा देताना शिकलो, आणि ही पुस्तकी मराठी त्याहूनही उशिरा. त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती. पण आजोबांनी पाठ करून घेतलेले पाढे त्यांच्या जिभेवर मराठीतच होते, आणि ते पाढे त्यांनी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, तमिळ मुलामुलींना, त्याच मराठीत म्हणायला लावले. 'सतरा त्रिक एक्कावन्न' हे शब्द त्या मुलांना एखाद्या मंत्रासारखे पाठ होते. अर्थ विचारला तर सांगता आला नसता. उत्तर मात्र चुकत नसे.

त्यांना एकाच शब्दाचा राग होता, 'म्हणतात'.

कुणी 'म्हणतात' म्हटले की ते चालता चालता थांबत. "म्हणतात कोण? तूं पाहिलेंस?" वर्गात एका मुलाने निबंधाच्या थाटात सांगितले की मोठ्या देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असे म्हणतात. तंजावूरमध्ये हे सगळेच सांगतात, पाहुण्यांना तर आवर्जून. त्यांनी पुढच्याच सुट्टीच्या दिवशी, ऊन कलल्यावर, सगळा वर्ग देवळात नेला, शिखराच्या सावलीत रांगेने बसवला आणि डबे उघडायला सांगितले. मुलांनी चिंचभात आणि दहीभात खाल्ला. "थंड वाटतें कां?" त्यांनी विचारले. मुले म्हणाली, वाटते. "कुठें बसलां आहांत?" मुले वर शिखराकडे पाहू लागली. शेवटी ज्याने निबंध सांगितला होता तो पुटपुटला, "सावलीत, सार." ते म्हणाले, "आतां जेवा."

लग्नसमारंभांतली त्यांची वागणूक नातेवाइकांना मान्य नव्हती. आहेराच्या रकमेवर एक रुपया चढवण्याची रीत महाराष्ट्रात आहे तशी तमिळनाडूतही आहे. अकरा, एकशे एक, हजार एक. त्यामागची समजूत अशी की शून्यावर संपणारी रक्कम सहज वाटली जाते. एक जोडला की ती अभंग राहते, आणि तिच्याबरोबर संसारही. आता वाचकाने क्षणभर थांबून पाहावे. अकराला एक आणि स्वतः यांखेरीज कशानेही भाग जात नाही. एकशे एकलाही जात नाही. अशा संख्येला आपण मूळ संख्या म्हणतो. इथवर रीत आणि गणित हातात हात घालून चालतात. पुढे मात्र हात सुटतो. हजार एकला सातने भाग जातो, अकराने जातो आणि तेरानेही जातो.

म्हणून ते हजार नऊ देत. वधूपित्याने एकदा पाकीट उघडून त्यांच्या देखत विचारले, "राव, ही कसली रक्कम? नऊ रुपये कशाचे?"

"हजार एक म्हणजे सात, अकरा, तेरा. तुमच्या मुलीच्या संसाराला मीच तीन पाचरी मारून देऊं?"

त्या घरून त्यांना पुन्हा बोलावणे आले नाही. त्यांना त्याचे वाईट वाटले, पण आश्चर्य अधिक वाटले.

आमची शाळा पूर्वी कौलारू होती. देशात बाजार मोकळा झाल्याचे वर्तमानपत्रांत येऊ लागले त्या वर्षांत एका तांदूळ गिरणीच्या मालकाने ती घेतली. खासगी शाळेच्या मालकाला आमच्याकडे करस्पाँडंट म्हणतात. हा गृहस्थ वाईट नव्हता, हे मी आधी नोंदवतो, कारण पुढची हकीकत वाचून तसा समज होईल. त्याने स्लॅबची इमारत बांधली, मुलींसाठी स्वच्छतागृहे बांधली, पगार एक तारखेला दिला. वातानुकूलित खोलीत संगणक आणून ठेवले. मुले चपला बाहेर काढून आत जात, पडद्यावर फुगे काढत आणि बाहेर येऊन पुन्हा चपला घालत. त्याला एकाच गोष्टीची हौस होती. शाळेला असे काही चिन्ह हवे होते की जे कुंभकोणमपर्यंत कुठल्याच शाळेला नाही.

ते त्याने स्वतः शोधले. प्रार्थनागृहाच्या समोरच्या भिंतीवर वीतभर उंचीचे पितळी आकडे बसवले गेले: १०,००,००,००१. दहा कोटी एक. "अकरा फुटत नाही, एकशे एक फुटत नाही," तो उद्घाटनाला व्यासपीठावरून तमिळमध्ये म्हणाला. "मग हा तर राजा! सुरुवातीला एक, शेवटी एक. कोण फोडणार?" त्या दिवसापासून मुले रोज सकाळी छातीवर हात ठेवून एका सुरात म्हणू लागली: आम्ही दहा कोटी एक आहोत, आम्हांला कोणी भागू शकत नाही.

त्या समारंभात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून त्यांनी डाव्या तळहातावर उजव्या हाताचे बोट फिरवले. टाळ्या संपण्याआधी ते माझ्या कानाशी म्हणाले, "सतरा."

चहाच्या वेळी त्यांनी ही गोष्ट करस्पाँडंटला सांगितली, अगदी सौजन्याने, जणू त्याच्या सदऱ्याचे बटण उघडे राहिले आहे. तो हसला आणि त्याने शाळेच्या हिशेबनिसाला गणनयंत्र आणायला लावले. त्या यंत्राच्या पडद्यावर आठच आकडे मावत. ही संख्या नऊ आकडी. आठ आकड्यांनंतर यंत्र काही आत घेईना. हिशेबनिसाने बेरजेच्या आडवाटेने ती संख्या आत न्यायचा प्रयत्न केला तेव्हा पडद्यावर इंग्रजी ई हे अक्षर उमटले आणि यंत्र गप्प झाले.

"पाहिलंत ना, सार?" करस्पाँडंट आनंदाने ओरडला. "मशीनसुद्धा हरलं! जपानचं मशीन आहे!"

भोवतालचे सगळे हसले. ते म्हणाले, "मशीनला जागा पुरली नाहीं. मला कागदाचा तुकडा द्या." पण तोवर केशरी शिरा आला होता.

ज्यांना कागदाचा तुकडा सहज मिळू शकतो त्या वाचकांनी हे करून पाहावे. पाचवीच्या पलीकडचे यात काही नाही. शंभरात सतरा पाच वेळा जातात, उरतात पंधरा. त्यावर शून्य उतरवले की दीडशे. आठ वेळा, उरतात चौदा. असेच उतरत गेले की अखेरीस पाच उरतात, त्यांच्यावर तो शेवटचा एक उतरतो आणि एक्कावन्न होतात. सतरा त्रिक एक्कावन्न. काहीही उरत नाही. संसार अभंग राहावा म्हणून जो एक चढवतात, त्याच एकाने येथे भाग पुरा जातो.

भागाकार येतो अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न. या संख्येच्या ते प्रेमात पडले, असे म्हटले तर त्यांना आवडले नसते. पण दुसरा शब्द मला सुचत नाही. ती तरी फुटते का, हे पाहायचे त्यांनी ठरवले. दोन हजार चारशे पंचवीसच्या पुढे तपासायची गरज नसते, आणि त्याच्या आत मूळ संख्या साधारण साडेतीनशेच्या वर आहेत. वर्षभर, रोज सकाळी एक, अशा त्यांनी त्या उंबऱ्यापुढे पिठाने भागून पाहिल्या. जवळच्या वाटाही आहेत हे त्यांना ठाऊक होते. मी तसे म्हणालो तेव्हा ते म्हणाले, "घाई कोणास आहे? कोलम तर रोज घालावीच लागते." पावसाळी वाऱ्यात पीठ उडे, मुंग्या येत, कुणाची सायकल वजाबाकीवरून जाई. रोज काहीतरी उरत गेले. वर्ष संपले तेव्हा ती संख्या मूळ ठरली होती.

मग त्यांनी ती वर्गात नेली. मी त्या तासाला मागच्या बाकावर बसायची परवानगी मागितली होती. त्यांनी फळ्यावर लिहिले ५८८२३५३, आणि मधोमध एक उभी रेघ मारली: एका बाजूला ५८८, दुसऱ्या बाजूला २३५३.

"दोघांचेही वर्ग करा."

मुले कामाला लागली. ३४५७४४. ५५३६६०९.

"आतां बेरीज."

पहिल्या बाकावरची एक मुलगी सर्वांच्या आधी थांबली. तिने कागदाकडे पाहिले, फळ्याकडे पाहिले आणि नकळत उभी राहिली. "सार, तीच आली!"

बेरीज ५८८२३५३ च येते. तुकडे केले, त्यांचे वर्ग केले, मिळवले, की तीच संख्या पुन्हा समोर.

"चमत्कार म्हणूं नका," ते म्हणाले. "कारण आहे, वरच्या वर्गांत कळेल. पण एवढें लक्षांत ठेवा. भिंतीवर अखंड म्हणून लावलेली आहे ती फुटते. फुटून हा तुकडा पडला, तो फुटत नाही. आणि याला मुद्दाम तोडला तर हा स्वतःला परत जोडून घेतो."

ते मराठीतच बोलले होते. नंतर भान आल्यावर त्यांनी तमिळमध्ये सांगितले. त्या मुलीला पहिल्या वेळीच समजले असावे, असा मला संशय आहे.

सहामाही परीक्षेचा पेपर त्या वर्षी कार्यालयाने काढला. त्यात दोन गुणांचा एक प्रश्न होता: एका मोठ्या मूळ संख्येचे उदाहरण द्या. उत्तरसूचीत अपेक्षित उत्तर छापलेले होते, दहा कोटी एक. वर्गातल्या बहुतेकांनी तेच लिहिले, कारण ते रोज सकाळी म्हणत होते. त्यांना शून्य मिळाले. त्या मुलीने लिहिले की भिंतीवरची संख्या चालणार नाही, तिला सतराने भाग जातो, आणि भागाकार करून दाखवला. उदाहरण म्हणून तिने ५८८२३५३ दिली.

तिला त्यांनी एक गुण दिला.

"एकच?" मी विचारले.

"सतराचा भागाकार तिनें स्वतः केला, त्याचा एक. ५८८२३५३ मूळ आहे हें तिनें कुठें तपासलें? माझ्या तोंडून ऐकलें. 'सार म्हणतात' याला गुण नाहींत."

वर्गाला शून्य आणि एकीला एक, हे पालकांपर्यंत गेले आणि पालकांकडून करस्पाँडंटपर्यंत. प्रार्थनागृहात, त्या पितळी आकड्यांच्या खालीच, शिक्षकांची सभा भरली. मुलीलाही बोलावले होते. मुख्याध्यापिका अध्यक्ष होत्या. त्यांची स्वतःची पदवी गणिताची होती.

"हे तू लिहिलंस?" करस्पाँडंटने तिला प्रेमाने विचारले. "कोणी शिकवलं?"

मुलगी भिंतीकडे पाहत होती. तिच्या तोंडून तमिळऐवजी पाढाच आला. "सतरा त्रिक एक्कावन्न."

"काय म्हणते ही?"

"मराठी," कोणीतरी म्हणाले, आणि हशा पिकला.

"हे पाहा सार," करस्पाँडंट त्यांच्याकडे वळला, "तुमचं गणित खरंही असेल. मी गिरणीवाला माणूस. पण पोरांना आपण तुटतो असं शिकवून तुम्हांला काय मिळणार? दुसऱ्या शाळेला कळलं तर पोस्टर लावतील. त्या एका मार्काचं शून्य करा. इतरांचे मार्क ऑफिस उत्तरसूचीप्रमाणे लावेल. बाकी मी कुणाला काही बोलणार नाही."

ते उठले, फळ्याजवळ गेले, खडू उचलला आणि तळहातावर ठेवून सर्वांपुढे धरला. "कुणीही या. मी बोलत नाहीं. पांच मिनिटांचें काम आहे."

मी उठलो. ते म्हणाले, "तूं बैस, तंबी. तूं माझा आहेस. तुझा भागाकार हे मोजणार नाहींत."

दुसरे कोणी उठले नाही. भौतिकशास्त्राचे शिक्षक घड्याळाकडे पाहत होते. संगणकाचे शिक्षक म्हणाले की भागाकार त्यांच्या अभ्यासक्रमात येत नाही. मुख्याध्यापिका टेबलावरच्या काचेकडे पाहत म्हणाल्या, "सार, आता भिंतीवर लिहून झालं आहे." मग त्यांनीच सुचवले की हात वर करून मत घ्यावे. ही संख्या फुटत नाही असे ज्यांचे मत आहे त्यांनी हात वर करावेत.

वर झालेले हात मी मोजले नाहीत. विरुद्ध बाजूचे मोजणे सोपे होते. एक त्यांचा, एक माझा.

"ठराव मंजूर," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"हात पुष्कळ वर झाले," ते म्हणाले. "खडू कोणीच वर केला नाहीं." खडू त्यांनी काळजीपूर्वक खाचेत ठेवला. "मी गुण बदलणार नाहीं. दहावीचा वर्ग काढून घ्यायचा असेल तर घ्या."

दहावीचा वर्ग म्हणजे त्यांचे सर्वस्व होते हे तेथील प्रत्येकाला माहीत होते. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता, घरी कोणी नव्हते. मला वाटले की ते वर्ग गमावणार आणि जिंकणार. माझे गणित चुकले, कारण मी एक पद विसरलो होतो. त्या मुलीचा बाप गिरणीत होता.

तो वजनकाट्यावर काम करी. सभेनंतरच्या रविवारी तो त्यांच्या घरी आला. मी ओट्यावरच बसलो होतो. तो चपला गल्लीतच काढून, पिठाच्या भागाकाराला वळसा घालून आत आला आणि उभाच राहिला.

"सार, मॅनेजरने बोलावलं होतं. म्हणाला, तुझी पोर फार हुशार झाली म्हणे. मग आमच्यासारख्या साध्या गिरणीत तू कशाला राहतोस?"

त्यांनी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"गिरणीचंच घर आहे, सार. ही दहावी झाली की अकरावीला घालायची आहे. तिलाही घालायचं आहे आणि तिच्या मागच्या दोघींनाही." त्याने खिशातून घडी केलेली उत्तरपत्रिका काढली. "एकच मार्क आहे. माझी पोर म्हणते, सारना सांगू नका. मी तिला न सांगता आणली."

"तुला काय वाटतें?" त्यांनी तमिळमध्ये विचारले. "सतराने भाग जातो कीं नाहीं?"

बापाने उत्तरपत्रिकेतल्या भागाकाराकडे पाहिले. रोज वजने वाचणारा माणूस होता तो. "जातो, सार," तो म्हणाला. "म्हणून तर तुमच्याकडे आलो. जात नसता तर मी तिलाच मारलं असतं."

त्यांनी लाल पेन मागितले. माझ्या खिशात होते, मी दिले. त्यांनी एकावर एक आडवी रेघ मारली, शेजारी शून्य काढले आणि खाली सही केली. शून्य त्यांनी नेहमीसारखेच काढले, गोल आणि पूर्ण बंद. मग पेन मला परत देताना ते पुसून दिले.

दहावीचा वर्ग त्यांच्याकडेच ठेवला गेला. करस्पाँडंट शब्दाचा पक्का होता. त्याने कोणाला काही बोलून दाखवले नाही, उलट पोंगलला त्यांच्या घरी उसाची मोळी पाठवली. बापाची नोकरी राहिली. हिशेबाने पाहिले तर कोणाचेही नुकसान झाले नाही.

ठेवून घेतलेली ती उत्तरपत्रिका त्यांनी सोमवारी वर्गात मुलीला परत दिली. मी शेजारच्या वर्गात शिकवत होतो. मधली भिंत छतापर्यंत गेलेली नव्हती. मुलगी जागेवर जाऊन बसल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने बाक सरकला. तिचा आवाज स्पष्ट होता, त्यात उद्धटपणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते.

"सार, मग सतरा त्रिक किती?"

मी खडू धरून उभा राहिलो. माझ्या वर्गातली मुलेही ऐकत होती.

"पुस्तकांत पाहा," ते म्हणाले.

त्यानंतर ते पुस्तकातूनच शिकवत राहिले. उदाहरणसंग्रह पहिला, उदाहरणसंग्रह दुसरा. निकाल चांगले लागले, पूर्वीपेक्षा चांगले, कारण देवळाच्या सावलीत आणि मुंग्यांच्या मागे वेळ जात नव्हता. सकाळच्या प्रार्थनेत ते मुलांबरोबर उभे राहत आणि छातीवर हात ठेवत. ओठ हलत होते का, हे मी पाहिले नाही. पाहायचे टाळले, असे म्हणणे अधिक बरोबर.

त्यांच्या निवृत्तीनंतर काही वर्षांनी शाळेची दुसरी शाखा निघाली. नव्या शाखेच्या कमानीसाठी करस्पाँडंटने जुन्या संख्येवर एक शून्य वाढवले. व्यवसाय वाढला, संख्याही वाढली पाहिजे. शंभर कोटी एक. मी कमानीखाली उभा राहिलो आणि मला हसू फुटले. या वेळी भागाकाराचीही गरज नव्हती. अकराची कसोटी सहावीतले मूल लावते: एक आड एक अंकांच्या दोन बेरजा करा, त्या सारख्या आल्या तर अकराने भाग जातो. येथे इकडे एक, तिकडे एक. शिवाय सात, तेरा, एकोणीस. शिवाय, आणि हे मला त्यांना केव्हा एकदा सांगतो असे झाले होते, लग्नातले ते हजार एक या संख्येत अख्खे बसते. दहा कोटी एक निदान सतराच्या आड लपले होते. हे तर चारी दारे उघडी टाकून बसलेले घर होते.

मी थेट त्यांच्या गल्लीत गेलो. ते खुर्चीत बसून केबलवर काहीतरी पाहत होते. आवाज बंद होता. मी सगळे एका दमात सांगितले. हजार एकपाशी आलो तेव्हा मी थांबलो. तेथे ते हसतील अशी माझी खात्री होती.

"ते काय म्हणतात?" त्यांनी विचारले. "फुटत नाहीं म्हणतात ना?"

"हो. कमानीवर तसेच लिहिले आहे."

"मग नसेल फुटत." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "कापी घेतोस कां, तंबी?"

कापी, म्हणजे कॉफी, घेतली. ती त्यांनी स्वतः केली होती आणि चांगली झाली होती. निघताना मी सवयीने उंबऱ्यापुढे पाय जपून टाकला. त्याची गरज नव्हती. शेजारणीने तेथे प्लास्टिकची छापील कोलम चिकटवून दिली होती. तेव्हा बाजारात ती नवीच आली होती, आणि रोज घालावी लागत नाही म्हणून घरोघर दिसू लागली होती. ठिपके अगदी सारख्या अंतरावर, रेषा अगदी बिनचूक. मुंग्या तिला वळसा घालून जात होत्या.